खाऱ्या मातीतली बाय

बाय बसलेली मी कधी पाहिली नाही. भाकरीसुद्धा ती वाफ्यांमधून फिरत खायची. पेणच्या खाडीकडच्या वनस्पती उद्यानात ती माळीण. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि तिथल्या झाडांची नोंदवही सांभाळायची. "बाय, बस की जरा," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसून झाडं वाढतात व्हय?"

तिचं लहानपण धरमतरकडच्या मिठागरांवर गेलेलं. "आमच्याकडं डोळ्याला हिरवा काय दिसत नाय," ती म्हणायची. एका निवृत्त गुरुजींनी डोंगर पालथे घालून आणलेली इथली झाडं तिला म्हणूनच जिवाभावाची वाटत. गुरुजी गेले, उद्यान नगरपालिकेकडे आलं, माळी बदलले. बाय राहिली.

एका उधाणाला खाडीचा बांध फुटला. तीन दिवस बागेत खारं पाणी. गुरुजींचा सीताअशोक करपला, औषधी वाफे गेले. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "इथं आता पार्किंग करू." बायनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"मीठ घालवायचा आमाला ठावं हाय, साहेब. एक पावसाळा द्या."

दुसऱ्या दिवशी ती गावाकडच्या तिघींना घेऊन आली. चौघींनी खाडीच्या उतारानं चर खणले, तोंडाशी फळ्या लावल्या. पावसाचं पाणी साचवायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा साचवायचं. दिवसातून कितीदा तरी ती फळ्यांकडे धावायची. "अजून खारट हाय गो मॅडम." साहेबांचा फोन आला की मी 'पावसाळा संपू द्या' म्हणायची. भाद्रपदात सीताअशोकाला तांबूस पालवी आली. बायनं ती मला दाखवली आणि लगेच पुढच्या चराकडे वळली. अर्धी बाग वाचली. पार्किंगचा विषय मागे पडला.

पुढे तिचे गुडघे गेले. रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत असलेल्या मुलानं तिला आपल्याकडे नेलं.

यंदा उद्यानाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. गुरुजींचं नाव लिहिलं आणि पेन अडलं. बायचं नाव मला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं. शरमून रोह्याला गेले.

"माझा एकटीचा नाव नको," ती म्हणाली. "चौघी होतो." तिनं तिघींची नावं सांगितली. आपलं, हिराबाय, सगळ्यात शेवटी.

"आता वाच."

मी वाचलं. तिसऱ्या नावाला तिनं माझा हात धरला.

"तिचा नाव वर घे. सगळ्यांत खोल चर तिनं खणला. आता ती नाय गो सांगायला."