ओळखीची खूण: नाही

त्या मुलीचं प्रकरण अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळं निवृत्तीबरोबर मागे पडलं. या प्रकरणात तर गुन्हेगारही नव्हता. नावं कुणाचीच सांगणार नाही, पाड्याचंही नाही.

मी तेव्हा डहाणू तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत बसलो होतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे आशागडकडच्या एका पाड्यावरचे नवरा-बायको उभे होते. चिकूच्या वाडीत मजुरी करणारी माणसं. लग्नाच्या वयाची मुलगी परवा दुपारपासून घरी नव्हती. आधी मावशीकडे, मामाकडे, बाजारात शोधून झालं आणि मग ते आमच्याकडे आले. आपल्याकडे माणसं पोलिसांकडे सगळ्यात शेवटी येतात, आणि पोलिसांनी मात्र सगळ्यात आधी शोधून द्यावं असं त्यांना वाटतं. हे मी रागाने लिहीत नाही. पण अशा वेळी हातातून गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

बेपत्ता व्यक्तीची नोंद घ्यायला सुरुवात झाली. उंची, बांधा, रंग. अंगावरचे कपडे काय? आईबाप पहाटेच वाडीत गेले होते, त्यांना सांगता येईना. फोटो मागितला, तर बापाने खिशातून फोन काढून पुढे धरला. घरात तो एकच फोन. मुलगी तो घरीच ठेवून गेली होती.

फोनवर एक गुलाबी गालांची, बशीएवढ्या डोळ्यांची, टोकदार हनुवटीची मुलगी होती. मागे गुलाबी फुलांचं झाड.

"अहो, हे कार्टून आहे. मुलीचा फोटो द्या," अंमलदार म्हणाले.

"ह्योच हाय साहेब," बाप म्हणाला. "दुसरा नाय."

आमच्या महिला शिपायाने मला समजावलं. मोबाईलमध्ये एक ॲप येतं, त्यात आपला फोटो टाकला की जपानी कार्टूनसारखं चित्र होऊन बाहेर येतं. ॲनिमे अवतार म्हणतात त्याला. तिने अख्ख्या ठाण्याचे असे अवतार करून ठेवले होते. माझ्या टकलावर तर भरघोस केस उगवले होते. एरवी मी हसलो असतो. तिने तो फोन चाळला आणि म्हणाली, "सर, गॅलरीत खरा फोटो एकही नाही. सगळे हेच." आधार कार्ड होतं, पण त्यावर शाळेतली लहानगी पोर होती.

शेवटचा रकाना राहिला. अंमलदारांनी विचारलं, "ओळखीची खूण? तीळ, व्रण, गोंदण, काही?"

आई पदराशी चाळा करत होती. बाप पटकन म्हणाला, "नाय. काय नाय. साफ हाय पोर."

मग त्याने हात जोडले. "साहेब, तिची सोयरीक तलासरीकडं वेवजी गावाला चाललीय. पोरग्याकडचे दिवाळीनंतर बघायला येनार हायेत. त्यांना नका कळवू. मोडंल."

खूण नाही, असं लिहिलं गेलं. शेजारच्या सगळ्या ठाण्यांना आणि सीमेपलीकडे गुजरातच्या ठाण्यांनाही बिनतारी संदेश गेला. तिकडून उत्तरं आली, या वर्णनाचं कुणी नाही. दुपारी मी स्वतः पाड्यावर गेलो. घरोघरी विचारलं. सगळे तेच बोलले, पोर गुणाची, कामाला वाघ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळ्यांची उत्तरं इतकी एकसारखी होती की मला संशय आला. काहीतरी झाकलं जात होतं. मला वाटलं, प्रेमप्रकरण असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. तलासरीच्या फेऱ्या मारणारा एक जीपवाला आमच्या ओळखीचा होता. त्याने सांगितलं, त्या दिवशी दुपारी तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक मुलगी आशागडला बसली आणि तलासरी नाक्यावर उतरली. तिथे मोटारसायकलवाला पोरगा उभा होता, ती त्याच्या मागे बसून गेली. फोनमधल्या गप्पा वाचल्यावर पोरगा कोण ते कळायला वेळ लागला नाही. तो तोच वेवजीचा नवरामुलगा होता. त्याचे शेवटचे मेसेज सलग पडून होते. "पोचलीस का?" "बोल ना." "घरचे रागावले का?" मी मनात म्हटलं, पठ्ठ्या हुशार आहे, स्वतःला वाचवायची तयारी आधीच करून ठेवलीय.

त्याला कंपनीच्या गेटवरून उचलून आणलं. सीमेपलीकडे कारखान्यात मशीनवर काम करणारा, काटकुळा पोरगा. मी त्याला बसवलं, पाणी दिलं. दरडावून माणूस बोलतो हे खरं, पण तो आपल्याला हवं तेच बोलतो. त्यापेक्षा त्याला त्याच्या चालीने बोलू द्यावं.

"भेटली होती ना ती तुला?"

"हां साहेब. तीच बोलली, भेटायचं हाय. आमी कंपनीजवळ टपरीवर बसलो. च्या पिला."

"मग?"

"मग तिनं ओढणी काढली. बोलली, बघ, मी अशी हाय. गालावर, इकडं मानेपर्यंत..." त्याने स्वतःच्या डाव्या गालावरून हात खाली नेला.

मी खुर्चीतून उठलो. आईबाप सांगतात खूण नाही, आणि हा सांगतो गाल जळलेला आहे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, यानेच काहीतरी फेकलं तिच्या तोंडावर. मी त्याची कॉलर धरली. "काय केलंस तिच्या गालाला?"

"मी नाय केला काय! जुना हाय तो! तिच्या आईला विचारा!"

आईला बोलावून घेतलं. नवऱ्याला बाहेर बसवलं आणि महिला शिपायाला तिच्याजवळ बसायला सांगितलं.  बाईने तोंडाला पदर लावला.

"पेज सांडली चुलीवरची. ल्हान होती तवा. साहेब, ती आरशात बघाची नाय. फोटू काढला का लगेच त्यात टाकाची, गाल साफ झाला का मला दाखवाची. बोलाची, आये बघ, मी कशी दिसली असती. तिचा बा बोलला, सोयरीक जमू दे, मग बघू. पाड्याला बी सांगितला, कोनी बोलू नका. सगळे कबूल झाले, पोरीचं भलं होतंय म्हनून."

एका मुलीचं लग्न जमावं म्हणून अख्खा पाडा तिची खूण लपवून बसला होता. मी चिडलो होतो, पण त्या बाईवर ओरडायला माझी जीभ वळली नाही.

नवा संदेश पाठवला: डाव्या गालापासून मानेपर्यंत भाजल्याचा जुना व्रण. सीमेपलीकडच्या एका ठाण्यातून लगेच फोन आला. महामार्गावर रस्ता ओलांडताना एक तरुणी वाहनाखाली सापडली होती. जागीच गेली. अकस्मात मृत्यूची नोंद होती. आमचा पहिला संदेश त्यांनी पडताळला होता, पण त्यात खूण नव्हती आणि या मुलीचा तर गालच खुणेचा, म्हणून ही ती नव्हे असं ठरलं. नियमाप्रमाणे वाट पाहून त्याच दिवशी सकाळी बेवारस म्हणून तिला पुरलं होतं. आम्ही पोरग्याला प्रश्न विचारत होतो, तेव्हा तिच्यावर माती पडून जेमतेम काही तास झाले होते.

पोरग्याचं म्हणणं आम्ही तपासलं. टपरीवाल्याचा जबाब जुळला, कंपनीतली हजेरी जुळली. कामाच्या पाळीची वेळ झाली म्हणून तो कारखान्यात गेला होता. तलासरीकडची जीप रस्त्याच्या पलीकडे मिळते, आणि ती पलीकडे निघाली होती. ती गेल्याचं त्याला सांगितलं, तेव्हा तो "मी रस्ता पार करून द्याला पायजे होती" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. लोक पोलिसांपासून गुन्हाच लपवतात असं आम्ही धरून चालतो. खरं तर ते लाज लपवतात, व्यंग लपवतात, आणि बहुतेक वेळा हे सगळं मायेपोटी करतात. त्यानंतर बेपत्ताची नोंद घेताना खुणेचा रकाना मी आईला वेगळं बसवून विचारायला लावला. पुढे नवीन आलेल्या पोरांनाही हेच सांगत गेलो.

रीतसर परवानग्या काढून मुलीला माघारी आणलं. पाड्याच्या कडेला तिला माती दिली. तो पोरगाही आला होता. लांब, ताडाच्या झाडाखाली उभा होता, जवळ यायची त्याची हिंमत होत नव्हती. बापाचं लक्ष गेलं.

"साहेब, कोन तो?"

मी सांगितलं.

"वेवजीचा? म्हंजे यानं..." त्याने आवाज खाली आणला. "यानं तिचा गाल पायला?"

"पाहिला. तिने स्वतः दाखवला."

"मंग काय बोलला?"

नोकरीत मी कितीतरी घरांत मरणाची बातमी सांगितली आहे. शब्द ठरलेले असतात, ते म्हणून टाकायचे आणि खाली बघायचं. ही बातमी चांगली होती आणि माझ्या तोंडातून ती निघेना.

"त्याने जबाबात लिहून दिलंय," मी म्हणालो. "तो तिला म्हणाला, दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन येतो. मुलगी पसंत होती त्याला. हसत निघाली होती ती तिथून."

बापाने त्या पोराकडे पाहिलं. हाताची माती त्याने धोतराला पुसली.

"मंग मी कोनापासून लपवत होतो, साहेब?" त्याने विचारलं.

 मी त्या पोराला हाक मारून जवळ बोलावलं आणि त्याच्याही हातात मूठभर माती दिली.