ओढ्यापलीकडचे अण्णा

मिशिगनमधल्या नोव्हायहून हवाईच्या सहलीला निघायच्या आदल्या संध्याकाळी श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जाहीर केलं की तो येत नाही. त्याच्या मोटारींच्या कारखान्यात काहीतरी अडलं होतं. "माझं तिकीट कॅन्सल केलंय. तू आणि अण्णा जाऊन या," असं म्हणाला. जणू हवाई म्हणजे कोपऱ्यावरचं ग्रोसरी स्टोअर!

अण्णा माझे सासरे, गुहागरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना दिवाळीत मिशिगनला आणलं आणि श्रीकांतने त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलं. अख्खा हिवाळा अण्णा खिडकीपाशी बसून बर्फ बघत राहिले. काही विचारलं की "बरं आहे," एवढंच. अशा माणसाबरोबर आठवडाभर काय बोलायचं, ही विमानात माझी काळजी होती.

काळजी फुकट गेली. काउआई बेटावर उतरताच अण्णांना वाचा फुटली.

"माधवी, माड बघ! हे तर आपलं गुहागरच!"

त्यांची बॅग मात्र आलीच नाही. वाटेत कुठेतरी दुसऱ्या बेटावर उतरली होती. दुकानात त्यांच्या मापाचा एकच शर्ट होता, जांभळा आणि त्यावर पिवळे अननस. तो घालून अण्णा निर्विकारपणे गाडीत बसले. मी कशीबशी ड्राइव्ह करत होते, कारण नकाशा वाचण्याऐवजी ते फणसाची झाडं मोजत होते.

पहिल्या किनाऱ्यावर पाणी असं निळं की डोळे दिपावेत. अण्णा म्हणाले, "आमच्याकडे वाळू जास्त मऊ." दुसऱ्या दिवशी डोंगरावर गेलो. तिथली तांबडी दरी बघायला जगभरातून लोक येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा ती काठोकाठ धुक्याने भरली होती. तासभर कठड्याला टेकून मी पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले. "आंबा घाटात अगदी असंच होतं," अण्णा समाधानाने म्हणाले.

उत्तरेच्या खोऱ्यात पाणी भरलेल्या वाफ्यांतून टारो लावलेला दिसला. "अळू!" अण्णा जवळजवळ ओरडलेच. त्यांच्या आग्रहाखातर एका टपरीवर थांबलो. पोई (टारोच्या कंदाचा आंबूस लगदा) त्यांनी बोटाने चाटूनपुसून खाल्ली. मग पानात बांधलेली लाउलाउ बघून म्हणाले, "ही अळूवडी असणार." ते पहिला घास उचलणार इतक्यात मी टपरीवालीला विचारलं.

"पोर्क," ती हसून म्हणाली.

अण्णांनी पुडी अलगद खाली ठेवली. मी दोन दिवस भात आणि अननसावर काढले होते. मला हसूसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या कड्यावरून जाणारी पायवाट धरली. दोन मैलांवर हानाकापियाई नावाचा किनारा होता. रात्री पाऊस झालेला. लाल चिखलात माझ्या बुटाचा तळ सुटला, दोनदा आपटले, आणि अण्णा पुढून सांगत होते, "वेळणेश्वरच्या घाटीत याहून निसरडं असायचं." उतरून ओढ्यापाशी आलो. पलीकडे किनारा. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, सगळं तिकडेच चांगलं होतं तर तिकडेच राहायचं होतंत ना!"

अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दगडांवर पाय ठेवत ओढा ओलांडला आणि मागे न बघता गोट्यांच्या किनाऱ्याकडे चालू लागले. मी अलीकडेच बसले. रागाने आणि फाटक्या बुटाने.

मग आवाज आला. वर डोंगरात पाऊस कोसळला असावा. बघता बघता पाणी तांबडं झालं, दगड बुडाले, एक अख्खा ओंडका गरगरत समुद्राकडे गेला. अण्णा धावत परत आले आणि काठावर थबकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक पाय पाण्यात घातला.

"अण्णा, उतरू नका!" मी किंचाळले. त्या धबधब्यासारख्या आवाजात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी दोन्ही हात हलवत होते, रडत होते. त्यांचा दुसरा पाय उचललेला दिसला, तेवढ्यात किनाऱ्यावर तंबू ठोकून राहिलेल्या एका दाढीवाल्या माणसाने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

सगळी दुपार आम्ही ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर बसलो. मी उभी राहिले की तेही उभे राहत. मी बसले की बसत. अननसाचा तो भयंकर शर्ट माझ्या नजरेतून एक क्षण सुटू दिला नाही मी. सूर्य कलला तेव्हा पाणी उतरलं. दाढीवाल्याने आणि त्याच्या मैत्रिणीने दोरी बांधली आणि अण्णांना मधे धरून अलीकडे आणलं.

"यू गॉट हिम बॅक," तो मला म्हणाला.

"कशाला पाय घातलात पाण्यात?" मी अण्णांवर खेकसले.

"तू एकटी होतीस." दुमडलेली पँट खाली सोडत ते म्हणाले, "तुला वैताग आणला मी, कळतंय मला. पण माधवी, नोव्हायमध्ये मला एका झाडाचं नाव येत नाही गं. इथे सगळी ओळखीची निघाली. बोलत सुटलो."

चार महिने हा माणूस खिडकीत काय बघत होता, हे मला आत्ता कळलं.

"परत जायचंय का तुम्हाला?"

"श्रीकांतला वाईट वाटेल."

"मला वाटणार नाही?" मी म्हणाले. ते माझ्याकडे बघतच राहिले. माझं मलाही नवल वाटलं.

डेट्रॉइटला बर्फ पडत होता. श्रीकांत न्यायला आला होता. "सो, कसं झालं? मजा आली ना अण्णा?" म्हणाला. अण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. झोप नव्हतीच ती. आठवडाभराचा माझा वैताग तसूभरही कमी झाला नव्हता, फक्त आता तो योग्य माणसाशेजारी बसला होता.

"गाडी जरा हळू चालव," मी त्याला म्हटलं, "आणि मी सांगते ते मधे न बोलता ऐक. अण्णा घरी जाणार आहेत. मृगाच्या आधी."