दामलेसाहेबांनी काढलेला फोटो

वकीलबाबूंनी तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "परांजपेबाबू, साक्षीदार कोथाय?"

साक्षीदार हावडा ब्रिजवर अडकला होता. पुलावर मोर्चा होता आणि बस जागच्या हलत नव्हत्या. रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. आमच्याकडे दोनच होते, दोघंही नवऱ्या मुलाच्या शाळेतले मास्तर. वकीलबाबू लग्नं नोंदवायचे ते सियालदहला, घरातल्याच पुढच्या खोलीत. तिथे आम्ही सगळे घाम पुसत बसलो होतो. पंखा बंद. लोडशेडिंग. मी कॅमेरा खिडकीकडे तोंड करून ठेवला होता, कारण उजेड तेवढाच होता.

एरवी असल्या लग्नात मला मजा यायची. मंडप नाही, मामा-मावश्यांचे रुसवे नाहीत, एक रोल आणि पाच-सहा माणसं. पण आजची गोष्ट वेगळी होती. नवरी होती दामल्यांची शालिनी. दामलेसाहेब बँकेतले ऑफिसर, पुण्याहून बदलून आलेले, आमच्या गणपतीत दर वर्षी आरतीला माझ्या शेजारी उभे राहणारे. आता त्यांची बदली परत पुण्याला झाली होती. उद्याच्या मेलची सगळ्यांची तिकिटं होती, शालिनीचंही होतं. म्हणजे लग्न आज व्हायचं, नाहीतर नाहीच.

"काका, तुम्हीच करा ना सही," शालिनी म्हणाली.

"ते मी करत नाही."

माझा तसा नियमच होता. पळून आलेल्यांच्या लग्नात फोटोग्राफरनं फोटो काढावेत, सही करू नये. फोटो काढणारा कामावर असतो. सही करणारा कटात असतो.

"प्लीज, दादा," तपन म्हणाला. हा नवरा मुलगा. डमडमचा, गणित शिकवणारा, चष्म्याच्या काचा पुसून पुसून झिजवलेला. मी नुसतीच मान हलवली. मला माझी लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, पण भीती जास्त होती.

वकीलबाबूंनी पेनाला टोपण लावलं. "आर पाँच मिनिट."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. साक्षीदार आला म्हणून तपन दार उघडायला धावला. दारात दामलेसाहेब उभे होते.

नंतर कळलं ते असं. माझ्याकडून फोटो आणायला जाते असं सांगून शालिनी घरातून निघाली होती. ती येईना म्हणून साहेब माझ्या स्टुडिओत गेले. माझ्या बायकोला कुणाचं लग्न आहे हे ठाऊक नव्हतं. "हे रजिस्टर लग्नाला गेलेत, सियालदहला," असं म्हणून तिनं पत्तासुद्धा देऊन टाकला.

साहेब आधी माझ्यावर घसरले. "परांजपे, तुम्हीसुद्धा?"

मी कॅमेऱ्याचा पट्टा उगाच नीट करत राहिलो. शालिनी मात्र उभी राहिली. "बाबा, तो बंगाली आहे म्हणून तुम्ही त्याला घालवलंत."

"बंगाली म्हणून?" साहेबांचा आवाज चढला. "अगं, मी त्याला चहा पाजला! हा माणूस माझ्या घरात बसून मला काय म्हणाला, ठाऊक आहे? म्हणे, दोन वर्षं मी खूप चेष्टा केली, लग्नानंतरही खूप चेष्टा करीन! अशा माणसाला मुलगी द्यायची?"

शालिनीनं तपनकडे पाहिलं. "हे वाक्य मी नव्हतं शिकवलं."

"ओटा आमार निजेर," तपन पुटपुटला. ते त्याचं स्वतःचं होतं. शालिनीनं पाठ करून घेतलेली मराठी वाक्यं संपली, तेव्हा त्यानं मनाचं एक जोडलं होतं.

मला एकदम हसू फुटलं. भीतीनं दाबून धरलेलं सगळंच त्या हसण्यातून बाहेर आलं. माझा जन्म कलकत्त्याचा. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली.

"साहेब," मी म्हणालो, "बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तो म्हणत होता, दोन वर्षं खूप प्रयत्न केला, पुढेही करीन."

साहेबांनी वकीलबाबूंना इंग्रजीत विचारलं, "चेष्टा मीन्स ट्राय? इज इट ट्रू?" मी पडलो आरोपी, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार! वकीलबाबूंनी गंभीरपणे मान डोलावली. साहेब बाकावर बसले. शालिनीनं दिलेलं पाणी प्यायले. मग पेला खाली ठेवला.

"मी सही करणार नाही," ते शेवटी म्हणाले. "चोरून केलंस, शालू, ते मला लागलं." तिनं डोळे पुसले. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही करा सही. कुणी विचारलं, तर दामल्यांनी सांगितलं म्हणा."

आता मी सही करायची, तर फोटो कोण काढणार? मी कॅमेरा लावून साहेबांच्या हातात दिला. "वरून काचेत बघा आणि हा खटका दाबा." एक सांगायचं राहिलं. ट्विन-लेन्स कॅमेऱ्याच्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. नवखा माणूस चित्र मधोमध आणायला जातो आणि कॅमेरा नेमका उलट्या बाजूला सरकवतो.

फोटोत मी पेन धरून बसलोय, शालिनी ऐन मधोमध आहे आणि जावई उभा अर्धा कापला गेलाय. कॅमेऱ्याची चूक की साहेबांची इच्छा, हे मी कधी विचारलं नाही. शालिनी-तपनच्या डमडमच्या घरात भिंतीवर तोच लावलाय. मी काढलेले चांगले फोटो कपाटात आहेत, याचं मला अजून वाईट वाटतं.

निघताना साहेब दारात थांबले. तपन पाया पडला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चेष्टा करत राहा."

तेव्हापासून असल्या लग्नाचं काम आलं, की रोल भरायच्या आधी मी एकच विचारतो. मुलीच्या वडिलांशी कोण बोललं होतं, आणि कुठल्या भाषेत?