कुसुमताई मलेशियाले चालल्या

शेजारी काय चाललंय हे मी मुद्दाम पाहत नाही. पण दोन घरांच्या मधली भिंत एकच, त्यामुळे किस्से न मागता गोळा होतात! यंदा तर वासुदेवभाऊ आणि कुसुमताईंनी कहरच केला. दोघांनी तीस वर्षं अमरावतीच्या बाजारात भाजी विकली, फिरायला म्हणून कधी सुटी घेतली नाही. आता लेक पिंकीनं मलेशियाची तिकिटं काढली. कुसुमताईंना समुद्र पाहायचा होता. एकदाच, पण पाय भिजवून.

*

भाऊंचा पहिला प्रश्न, "उतरायचं कोणाच्या घरी?"

"हॉटेल बुक आहे, बाबा."

"हॉटेलात? आपलं कोणीच नाही काय त्या देशात?"

आठ दिवस फोन फिरवून त्यांनी बार्शीटाकळीच्या साडूचा पुतण्या शोधून काढला. तिकडेच नोकरीला! पण त्याच्या गावाहून बीचवर जायला पुन्हा विमान लागतं.

"मंग काय झालं?" भाऊ म्हणाले. "त्याच्याकडं जेवू, अन् निघू!"

*

पिंकीनं सांगितलं, तिथे मलय, चिनी, तमिळ सगळे एकत्र राहतात. झालं, ताईंना घोर लागला. रिकाम्या हातानं जायचं कसं? आणि सगळ्यांना चालेल असं न्यायचं काय?

तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन त्यांनी गल्लीतली सगळी घरं केली. जैनांचं घर, शबानाभाभी, केरळच्या नर्सबाई. सगळ्यांनी खाल्ले.

"इथं चालले, तं तिथं काहून नाही चालणार!"

त्यातले चार मी खाल्ले. खात्री नको?

*

पिंकीनं भाऊंना नारळाच्या झाडांची हाफपँट पाठवली. सवय व्हावी म्हणून ते ती घालून अंगणात झाडांना पाणी देत होते. दूधवाला फाटकाशी आला, मान खाली घालून म्हणाला, "वासुदेवभाऊ आहेत काय घरी?"

"नाही," भाऊ म्हणाले, "मलेशियाले गेले!"

*

पंधरा दिवस उरले, अन् ताई अडून बसल्या. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी हो म्हटलं, पण भीती जाईना.

"रेतीत पाय रुतते म्हणतात. पाण्यापर्यंत पोचलीच नाही तं? तुमीच जा. मले फोटो दाखवा."



त्याच आठवड्यात आमच्या बाथरूमच्या कामासाठी रेती येऊन पडली होती. दुपारी पाहते तर माझी रेती त्यांच्या अंगणभर पसरलेली! चांगलं ऐकवावं म्हणून तरातरा बाहेर आले.

कुसुमताई अनवाणी, साडी घोट्याच्या वर धरून, एकेक पाऊल टाकत होत्या. एक हात भाऊंच्या हातात. भाऊंच्या दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला मग. रेती संपली तिथे ताई थांबल्या, आणि भाऊंनी तो मग त्यांच्या पायांवर ओतला.

"आली लाट! सरक मांगं!"

ताई हलल्या नाहीत.

"थांबा," त्या म्हणाल्या, "आनखीन एक येऊ द्या."