खाली बघितलं की दोन

पार्लरवालीचा हात भुवयांवर असा बसला होता, की बायका खुर्चीत रेलून खुशाल डोळे मिटायच्या. दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत असायचं, त्यामुळे बोलायचं काम गिऱ्हाइकाकडे.

मग तिला थायरॉइड निघालं, गोळ्यांनी आटोक्यात आलं, घरच्यांना हायसं वाटलं. पण डोळे मोठे दिसायला लागले. सासू म्हणाली, "माझ्यावर काय डोळे वटारतेस?" पुढे डावा डोळा खाली ओढला गेला आणि तिला सगळं दोनदा दिसू लागलं, एकावर एक. नवऱ्याला म्हणाली, "एकाला सांभाळतानाच नाकी नऊ आलेत, आता दोन झालात." तो हसला, पण जेवला नाही.

एके दिवशी तिच्या हातून शाळेतल्या बाईंची अर्धी भुवईच उडाली. बाई म्हणाल्या, वाढेल गं. नंतर त्या पार्लरकडे फिरकल्याच नाहीत. तिने एका डोळ्यावर पट्टी बांधून पाहिलं, तर दोरा नेमका कातडीला कुठे टेकतोय याचा अंदाज येईना.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की थायरॉइडमुळे डोळा हलवणारे स्नायू सुजून आखडलेत. सूज ओसरून डोळा एका जागी स्थिर झाल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, नाहीतर आज सरळ केलेला डोळा उद्या पुन्हा सरकेल.

"तोवर मी काय करू?"

"वाट बघायची."

वर्ष उलटलं. धाकट्या बहिणीने नोकरी सोडून पार्लर सांभाळलं. एकदाचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा समोर नवरा एकच होता. ती ढसाढसा रडली.

जखम भरल्यावर तिने बहिणीलाच खुर्चीत रेलवलं, दोरा दातांत धरला आणि वाकली. खाली एका भुवईच्या दोन दिसत होत्या, एकीवर एक. मान तिरकी करून पाहिली, खुर्ची वर घेतली. तरी दोनच.

"कर ना ताई. चुकलं तर चुकलं."

तिने दोरा सोडला. "खरी कुठली तेच कळत नाही गं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समोर बघतानाचं जमलंय, खाली बघतानाचं थोडं राहतंच, हे आधी सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं. पुन्हा हात लावला तर समोरचंही बिघडायची भीती. चष्म्यात खास काचा घालून पाहिल्या; खालचं जुळलं की समोरचं फाटायचं.

आता ती उभ्याने, आरशात बघत केस कापते. भुवया बहीण करते. काम झालं की बहीण गिऱ्हाइकाला सरळ बसवते आणि थोरलीला विचारते, "ताई, सारख्या झाल्या?"

समोरून तिला स्वच्छ दिसतं, उजवी किंचित जाड राहिलीय. दोन केसांचं काम. तिची बोटं आपोआप जुळतात.

"उजवीकडून अजून थोडं घे," ती म्हणते, आणि बहिणीला जागा देते.