मामांचा पाय टेकेना

सयाजीमामा निवृत्त झाले आणि त्यांनी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर बुलेट घेतली. साखर कारखान्यात वजनकाट्यावर असताना जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. "जरा म्होरं घ्या, हां, बास!" स्वतःची गाडी उभी करणं मात्र त्यांना जमेना, कारण बुलेटवर बसलं की त्यांचे पाय जमिनीला पोचत नसत. "देवानं माझं पाय घडवायला घेतलं आन् मधीच जेवायला उठला," असं म्हणत ते उंचीवरून स्वतःलाच हसत. पण गाडीवरून उतरायला आपल्याला कट्टा लागतो, हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं.

दारात ते ओट्यावरून गाडीवर बसत. कळंब्याच्या तलावावर, डेअरीपुढं, सलूनपाशी त्यांच्या ठरलेल्या पायऱ्या आणि कट्टे होते. डावा पाय कट्ट्यावर टेकला की मामा ऐटीत उतरत. तिथं कोणाची गाडी दिसली, तर तिच्या मालकाला शिस्त शिकवत. "कट्ट्याला चिकटून गाडी लावू नये बाबा, म्हाताऱ्या माणसांची अडचण हुती." ऐकणाऱ्याला वाटे, काय समाजाची काळजी आहे या माणसाला!

भाची स्वप्नालीच्या लग्नाला निघताना चिमणामामी म्हणाल्या, "रिक्षानं जाऊया की."

"मुलीचा मामा हाय मी. मान रिक्षातनं जातो व्हय?"

मान बुलेटवरून निघाला आणि रस्त्यातली गर्दी टाळायला लांबचा वळसा घेऊन उशिरा पोचला. कार्यालयाच्या आवारात शिरतानाच कर्ण्यावरून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!"

आवारात कट्टा एकच, दाराजवळचा. त्याला चिकटून कोणाची तरी स्कूटर उभी होती, हँडल लॉक करून. मामांनी वेग कमी केला, स्कूटर पाहिली आणि पुन्हा वाढवला. बँडवाल्यांच्या टेंपोला वळसा घालून गाडी परत दारापुढून गेली. मुलीचे वडील जोतीराम हात जोडून उभे होते. मामांनी जाता जाता मान लववली.

"आवो, उतरा की!" मागून मामी म्हणाल्या. त्या एका अंगावर बसलेल्या, मांडीवर आहेराची पिशवी.

"उतरतो. जरा जागा बघतो."

"समदं मैदान मोकळं हाय न्हवं!"

दुसऱ्या फेरीला बँडवाल्यांना वाटलं, कोणीतरी मोठा पाहुणा आला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला जोतीरामांनी हात सोडून कपाळाला लावला.

"पावणं, मुहूर्त चाललाय! देवळाला प्रदक्षिणा हाय काय ही?"

"मामा आले नसतील तर चुलतमामांनी यावे!" कर्णा म्हणाला. दारातून मामांना दिसलं, चुलतभाऊ बाळासो उठून फेटा नीट करत होता. उंचापुरा, दोन्ही पाय भुईला टेकलेला. स्वप्नाली लहानपणी मामांच्याच खांद्यावर बसून जोतिबाची जत्रा बघायची. म्हणजे इतरांपेक्षा तिला कमीच दिसायचं, पण ती दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर बसायची नाही. आज तिच्या पाठीशी बाळासो?

चौथ्या फेरीला मामांनी सगळा मान गुंडाळून ठेवला आणि बँडच्या वर आवाज काढला.

"कुनाची हाय रं ती स्कूटर? सरकवा, न्हायतर मला धरा! माझा पाय पोचत न्हाय!"

बँड थांबला. मग आवारभर असा हशा उसळला, की आतली माणसं बाहेर आली. चौघा पोरांनी बुलेट दोन्हीकडून धरली. आधी मामी उतरल्या. मग एकानं मामांना काखेत हात घालून अलगद खाली ठेवलं.

"एवढंच हुतं, तर आधी बोलायचं की," जोतीराम म्हणाले.

"बोलणार हुतो. त्येवढी उंची न्हवती," म्हणत मामा आत धावले.

बाळासो बाजूला झाला. स्वप्नालीला घेऊन मामा बोहल्यावर आले आणि तिच्या मागं उभे राहिले. समोर फक्त तिचा अंबाडा आणि गजरा. अंतरपाट दिसेना, नवरा दिसेना. मंगलाष्टकं सुरू होणार, तोच ती मान न वळवता पुटपुटली, "मामा, पाट देऊ काय उभं ऱ्हायला?"

एरवी मामांनी तिला दटावलं असतं.

"दे की," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जरा उंचातला बघ."