पक्का दात दुधात

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं फोन उचलणाऱ्या बाईला लोकांनी काय म्हणावं? दूधवाल्या काकू. काकूंनी जन्मात कधी दूध विकलं नाही. पण "पक्का दात दुधात" हे वाक्य त्यांनी इतक्या आईबापांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, की नाव चिकटलं ते चिकटलंच. आधी त्या फणकारायच्या. आता कुणी आडनावाने हाक मारली तर वळूनही बघत नाहीत.

त्यांचं टेबल दाराला लागून. त्यावर फोन, जाड वही आणि दोरीने बांधलेलं पेन, कारण पेन पळवण्यात आईबापांचा हात कुणी धरणार नाही. फोन आला की काकूंचे प्रश्न ठरलेले, क्रमही ठरलेला. मूल शुद्धीत आहे ना? दात कुठे आहे? किती वेळ झाला? वय काय? नाव सगळ्यात शेवटी. "नाव काही पळून जात नाही," काकू म्हणायच्या, "दात जातो."

हा क्रम त्यांना सहजासहजी मिळाला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एका बापाचा फोन आला. मुलगा नऊ वर्षांचा, जिन्यावरून पडलेला, पुढचा दात मुळासकट बाहेर. डॉक्टर जेवायला गेलेले. काकूंनी आधी नाव लिहिलं, मग पत्ता, मग वही चाळून म्हणाल्या, "उद्या अकराला या." बिचारा बाप खरंच दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला हजर. दात कापसात गुंडाळलेला, कोरडा ठणठणीत. डॉक्टर काकूंकडे वळून एवढंच म्हणाले, "आता हा बसणार नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं. तो मुलगा पुढे हसताना ओठ मिटून घ्यायला लागला. तो तपासणीला आला की दर वेळी काकू वहीत मान घालायच्या.

मग त्या डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागल्या, आणि शिकल्या. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, आतल्या पक्क्या दाताला इजा होते; मुलाला मात्र दाखवायचं. पक्का दात मुळासकट निघाला, तर जमल्यास लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर थंड दुधात ठेवायचा आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा. घासायचं नाही, साबण नाही, कापूस तर नाहीच नाही. फोनवर एवढं सगळं कोण ऐकणार? म्हणून काकूंनी त्याचं सोपं करून टाकलं. "हे बघा, दुधाचा दात दुधात नाही, पक्का दात दुधात. आणि उचलताना दाताचं डोकं धरा, पाय म्हणजे मूळ धरू नका. पाय धरायचेच असतील तर इथे आल्यावर डॉक्टरांचे धरा."

हा सगळा पाढा घरी आठ वर्षांच्या नातीला तोंडपाठ. तिचा आवडता खेळ फोनचा. चमचा कानाला लावून ती घाबरलेला बाप व्हायची. आजीनं आजीच व्हायचं. कंटाळा आला की अदलाबदल. काकूंची लेक वैतागायची. "आई, पोरीला गोष्टी सांग की. दात काय सांगत बसतेस?"

"गोष्टच आहे ती," काकू म्हणायच्या.

त्या दिवशी अकराला दहा कमी असताना फोन वाजला. शाळेतून, खेळाच्या सरांचा. आवाज कापत होता. मुलगी पळताना खांबावर आपटली, पुढचा दात मुळासकट निघाला.

"मुलगी शुद्धीत आहे ना?"

"आहे. जरा जास्तच आहे."

"दात कुठे आहे?"

"दुधात."

बावीस वर्षांत या प्रश्नाला रुमालात, खिशात, कचऱ्यात, अगदी 'कुठला दात?' अशीही उत्तरं आली होती. दुधात, हे पहिल्यांदाच.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनंच. मी दात साबणानं धुवायला निघालो, तर तिच्या तोंडातून रक्त येतंय आणि ही माझ्यावर ओरडतेय, सर, पाय सोडा, डोकं धरा. मला वाटलं, डोक्यालाच मार लागलाय. शेवटी तिनंच माझ्या हातातून दात घेतला आणि आमच्या चहाच्या दुधाच्या कपात टाकला."

"किती वेळ झाला?"

"पाच मिनिटं."

"वय?"

"आठ."

"कपावर झाकण ठेवा आणि तडक निघा. नाव?"

सरांनी नाव सांगितलं.

वहीत पहिलं अक्षर उमटलं आणि काकूंचा हात पुढे जाईना. तरी त्या म्हणाल्या, "या. मी दारात उभी आहे." आत जाऊन डॉक्टरांना खुर्ची रिकामी करायला लावली, लेकीला फोन केला, आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

सरांची गाडी आली तेव्हा घड्याळात बरोब्बर अकरा वाजले होते. नात उतरली ती दोन्ही हातांनी कप धरून. कुणाच्या हातात म्हणून तिनं तो दिला नव्हता.

डॉक्टरांनी कपातून दात बाहेर काढला, मूळ निरखलं. "ओलं आहे," एवढंच म्हणाले. मग दात जागेवर बसवला आणि शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला. पुढचे पंधरा दिवस काकूंनी देवाला आणि डॉक्टरांना, दोघांनाही स्वस्थ बसू दिलं नाही.

पंधरवड्यानं तार निघाली. डॉक्टरांनी दात हलवून पाहिला. "नसेवर लक्ष ठेवावं लागेल. पण दातानं मूळ धरलंय." काकूंचा ऊर अभिमानानं भरून आला. फोनवर तासन्‌तास बोलणारी बाई नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

नातीला मात्र एका गोष्टीचा राग होता. "आजी, सर म्हणाले, तू माझं नाव सगळ्यात शेवटी विचारलंस."

"मग? पळून जाणार होतं का ते?"

नात हसली. खळखळून, सगळे दात दाखवत. काकूंनी वही ओढली, पंधरा दिवसांपूर्वीचं पान काढलं आणि एका अक्षरावर अडलेलं नाव पूर्ण लिहिलं.